लाल सिग्नल कोणासाठी?

बिघडलेलं यंत्र थांबलेलं बरं, की चालत राहिलेलं? चांदूर रेल्वेतल्या एका घरात या प्रश्नावरून मामा-भाचीची जुंपली, ती रात्री उशिरापर्यंत मिटली नाही. मामाजींची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. बडनेरा ते धामणगाव या पट्ट्यातल्या केबिनी आणि रिले त्यांना पाठ. आता सोयाबीन-तुरीची शेती पाहतात. भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ब्लॉकचेनचे नोड रात्रंदिवस चालू ठेवणं हे तिचं काम.

विषय निघाला तो २०१८ सालच्या एका दोषाचा. संगणकवाले त्याला सीव्हीई-२०१८-१७१४४ या क्रमांकाने ओळखतात. बिटकॉइनचे नोड ज्यावर चालतात त्या ‘बिटकॉइन कोअर’ या सॉफ्टवेअरमध्ये तो होता. लोकांना पहिली बातमी मिळाली ती एवढीच, की या दोषामुळे नोड बंद पाडता येतात. उरलेलं नंतर उघड झालं, आणि भांडण त्या उरलेल्यावरूनच आहे. जमेल तितकं त्या दोघांच्याच शब्दांत देतो. राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मामाजी: पह्यले हे सांग, नोड म्हंजे काय? कंपनीचा सर्व्हर?

भाची: नाही. सर्व्हर एकाचा असतो, बाकीचे त्याला विचारतात. इथे जगभर हजारो संगणक आहेत आणि प्रत्येकाने पहिल्या दिवसापासूनची सगळी खतावणी स्वतः तपासलेली असते. नवा व्यवहार आला की प्रत्येक नोड आपला आपण पाहतो: सही खरी आहे का, पैसे खरंच त्याचे आहेत का, तेच पैसे आधी कुठे खर्च केलेत का. पटलं तर शेजारच्या नोडला पुढे देतो. साधारण दहा मिनिटांनी अशा व्यवहारांचा एक ब्लॉक येतो. तो बांधणारा मायनर. पण मायनरने विजेवर कितीही पैसा ओतलेला असो, ब्लॉकमध्ये खोट निघाली तर नोड तो घेत नाही.

मामाजी: म्हंजे मायनर मालक नाही. खरी चौकी नोडची.

भाची: हो. म्हणून नोड बंद पाडणं ही पोरखेळातली खोडी नाही.

मामाजी: आन् २०१८ ले झालं काय?

भाची: एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्चायला लिहायचं. इतकी बाळबोध चोरी. ती पकडणारी तपासणी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती. पण व्यवहार पहिल्यांदा नोडपाशी येतो तेव्हा ती व्हायची, आणि तोच व्यवहार ब्लॉकमधून आला की पुन्हा व्हायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये एक बदल मंजूर झाला: ब्लॉक तपासताना ही दुसरी फेरी नको, पुढच्या टप्प्यात तेच आपोआप पकडलं जातं. त्याने ब्लॉकमागे ०.५ ते ०.७ मिलिसेकंद वाचत होते. मार्च २०१७ च्या ०.१४ आवृत्तीतून तो बदल सगळीकडे गेला.

मामाजी: अर्ध्या मिलिसेकंदासाठी तपासणी काढली?

भाची: तुम्हाला ते हास्यास्पद वाटतं, मला वाटत नाही. ब्लॉक एका नोडकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक ठिकाणी तपासला जातो. तो उशिरा पोचला की लहान मायनर मागे पडतो, कारण मोठ्याकडे आपलाच ब्लॉक आधीपासून असतो. हा वेग लहानांसाठीच वाढवत होते. आणि एक ध्यानात घ्या, जो व्यवहार थेट ब्लॉकमधूनच येतो, आधी कोणाला दाखवलेलाच नसतो, त्याची पहिली फेरी कधी झालेलीच नसते. मायनरने स्वतःच खोटा व्यवहार आपल्या ब्लॉकमध्ये घातला, तर त्याला अडवायला ही एकच फेरी होती.

मामाजी: अन् तेच काढली.

भाची: हो, तीच काढली.

मामाजी: मंग पुढच्या टप्प्यात पकडलं का नाही?

भाची: ०.१४ मध्ये पकडलं, पण भलत्याच तऱ्हेने. नाणं खर्ची टाकताना प्रोग्रामला दिसायचं की हे तर आधीच खर्ची पडलंय. हिशेब जुळत नाही. अशा ‘होऊच शकत नाही’ जागी प्रोग्रामरने खूणगाठ ठेवलेली असते: असं झालं तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही, सरळ मरायचं. नोड त्या जागी बंद. पुन्हा सुरू केला की तोच ब्लॉक पुन्हा समोर, पुन्हा बंद. पहिल्या बातमीतला दोष तो हा.

मामाजी: मी याले दोष म्हणत नाही. माह्या खात्यात याले चांगलं काम म्हणते. तुले ट्रॅक सर्किट माहीत हाये? रुळातून हलकी वीज सोडेल असते. दुसऱ्या टोकाले रिले. रूळ मोकळा असला तं वीज पोचते, रिले उचलेल राह्यते. गाडी आली का तिचे चाकं दोन्ही रूळ जोडते, वीज तिथूनच माघारी, रिले पडते, सिग्नल लाल. आता खरी गोठ पाह्य. बॅटरी मेली, रिले पडते. तार तुटली, रिले पडते. रूळ मोडला, तरी पडते. जे काही बिघडन त्यानं लालच व्हावं, हिरवं नाही, असंच ते बांधेल हाये. जुन्या सिग्नलचा हात तारेनं खाली ओढा लागे. तार तुटली का वजनानं हात आपोआप आडवा. माह्या उभ्या नोकरीत लाल सिग्नलपाई कोणी मेलं नाही. गाड्या लेट झाल्या, लोकायनं शिव्या देल्ल्या, ते गोठ येगळी.

इथवर भाची ऐकून घेत होती. मग तिने दुसरा भाग सांगितला, आणि मामाजींचा चेहरा बदलला. सप्टेंबर २०१७ च्या ०.१५ आवृत्तीत नाण्यांचा साठा ठेवण्याची पद्धत नव्याने लिहिली गेली. त्यात नकळत ती खूणगाठ निम्मी सुटली. दोनदा खर्चलेलं नाणं त्याच ब्लॉकमध्ये जन्मलेलं असेल तर नोड पूर्वीसारखा बंद पडायचा. पण ते आधीच्या एखाद्या ब्लॉकमधलं असेल तर नोड बंद पडत नव्हता, तक्रारही करत नव्हता. व्यवहार मान्य. हवेतून नवं नाणं तयार. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, या एका वचनावर तो सगळा डोलारा उभा आहे. ते वचन मोडायची वाट वर्षभर उघडी होती.

मामाजी: हे खरं संकट. २ जून २०२३, बहानगा बाजार. कोरोमंडल एक्स्प्रेसले मेन लाइनचा हिरवा, अन् पॉइंट लूप लाइनले लागेल. लूपवर मालगाडी उभी. चौकशीत काय निघालं? सिग्नलच्या तारा जोडण्यात चूक. दोनशे नव्वदच्या वर माणसं गेली. त्या दिवशी देशातल्या हरेक सिग्नलवाल्यानं आपल्या हातानं जोडलेल्या तारा आठवल्या असतीन. लाल असता तं काय झालं असतं? गाडी अर्धा घंटा लेट. म्हून म्हणतो, बंद पडणारं तुह्यं ०.१४ चांगलं होतं. ०.१५ वाईट.

भाची: तुलना तुम्ही केलीत, आता तीच पुढे नेते. तुमचा सिग्नल लाल झाला की गाडी थांबते. माझा नोड मेला की गाडी थांबत नाही, मामाजी. गाडी तशीच धावते. फक्त मी आंधळी होते.

मामाजी: म्हंजे?

भाची: नोड म्हणजे सिग्नल नव्हे, सिग्नलकडे पाहणारा माणूस. ज्यांचा नोड मेला नाही ते पुढे जातात. समजा हल्ला करणाऱ्याने प्रामाणिक नोड पाडले आणि त्याचे स्वतःचे, न तपासणारे, चालू ठेवले. मग जे नवे नोड जोडले जातील त्यांना आजूबाजूला कोण भेटेल? त्याचेच. ते सांगतील ते खरं. पंचायतीतले सगळे पंच झोपवून उरलेल्या एकाने निकाल द्यावा, तसं ते. हल्ल्याचा खर्चही ऐका: मायनरला एक ब्लॉक खोटा बांधावा लागला असता आणि त्याचं बक्षीस, साडेबारा बिटकॉइन, सोडावं लागलं असतं. त्या वेळच्या भावाने सुमारे ८० हजार डॉलर. तेवढ्यात जगभरचे नोड.

मामाजी काही वेळ गप्प राहिले. सिग्नलवाल्याच्या मनात ‘थांबणं’ आणि ‘सुरक्षित असणं’ इतकं एकजीव झालेलं असतं की ते दोन वेगळे करून पाहणं त्याला जड जातं. भाचीने ते वेगळे केले. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच: तपासणारा थांबला म्हणून ज्याची तपासणी करायची ते थांबत नाही. रेल्वेत ही दोन कामं तारेने एकमेकांना बांधलेली आहेत. इथे ती बांधलेली नाहीत.

मामाजी: ठीक हाये. पण मंग ज्याचा नोड मेला त्यानं काय करा? माल देऊ नये. पैसे आले म्हून कोणी सांगतलं तरी मानू नये. त्याच्यापुरता लाल.

भाची: ज्याचा स्वतःचा नोड आहे त्याला हे कळतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तो बंद पडलेला असतो. चांदूरमध्ये कोणाकडे आहे? फोनवर जी शिल्लक दिसते ती कुठल्यातरी कंपनीच्या नोडला विचारून दिसते. तो मेला असेल तर फोनवर काय दिसतं? बऱ्याचदा मघाचीच रक्कम. हिरवीगार.

मामाजी: हे तं बहानगा.

भाची: हो. आणि म्हणूनच नोड बंद पडणं मला तुमच्याइतकं निर्धास्त वाटत नाही. जिथे तो बंद पडतो तिथे लाल असेल, पण खाली लोकांपर्यंत जाताना त्याचा हिरवा होतो.

यानंतर भाचीने दुसरं उदाहरण काढलं, ज्यात कोणीच नियम मोडला नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये शांघायला इथेरियमची परिषद भरली होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत इथेरियमचे नोड धापा टाकू लागले. इथेरियमवर प्रत्येक कामाला दर ठरलेला असतो, त्याला गॅस म्हणतात. दुसऱ्या एखाद्या खात्यातल्या प्रोग्रामचा आकार विचारण्याचं एक छोटं काम आहे. त्याचा दर होता २० गॅस. दर ठरवताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की हे उत्तर द्यायला नोडला डिस्कवर जाऊन वाचावं लागतं, आणि डिस्क मेमरीपेक्षा फार संथ असते. हल्लेखोराने एका ब्लॉकमध्ये हा प्रश्न सुमारे ५० हजार वेळा विचारला. दर चुकता भरून. जो ब्लॉक क्षणार्धात तपासून व्हायचा त्याला २० ते ६० सेकंद लागू लागले. १८ ऑक्टोबर २०१६ ला नियम बदलून तो दर ७०० गॅस केला गेला, तेव्हा तो मार्ग बंद झाला. मधल्या काळात सुमारे १ कोटी ९० लाख रिकामी खाती तयार करून खतावणी फुगवली गेली होती. ती झाडायला नोव्हेंबरमध्ये आणखी एक बदल करावा लागला.

मामाजी: याच्यात चोरी कोठी हाये? त्यानं भाडं भरलं.

भाची: भाडं चुकीचं लावलेलं होतं, आणि नुकसान ज्यांनी ते लावलं नाही त्यांचं झालं. नोड चालवणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. पण एक गोष्ट चांगली झाली. तेव्हा इथेरियमला दोन मोठी सॉफ्टवेअर होती, गेथ आणि पॅरिटी, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली. पहिल्या फटक्यात गेथची मेमरी भरून ते पडलं, पॅरिटी उभं राहिलं. सगळे एकाच घडणीचे असते तर सगळेच पडले असते.

मामाजी: हे आमच्याकडे हाये. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमंधी तीन प्रोसेसर असते. दोघायचं पटलं तरच सिग्नल निघते.

भाची: मग बिटकॉइनवाल्यांना विचारा, तुमच्या बहुतेक नोडवर एकच सॉफ्टवेअर का? त्यांचं उत्तर असं, की दोन सॉफ्टवेअरचं एखाद्या बारीक नियमावर पटलं नाही तर खतावणीच दुभंगते. तेही खोटं नाही. मार्च २०१३ मध्ये एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांचं, ०.७ आणि ०.८ चं, असं फाटलं. नव्या आवृत्तीने घेतलेला ब्लॉक जुनीला झेपेना. काही तास दोन खतावण्या समांतर चालल्या. शेवटी जाणकारांनी एकमेकांना गाठून ठरवलं की जुन्या बाजूला परत यायचं. मोठ्या मायनरांनी आपले बांधलेले ब्लॉक सोडले, बक्षीस गेलं, आणि जुनी आवृत्ती लावली.

मामाजी: म्हंजे शेवटी माणसानंच कागद देल्ला.

भाची: कागद नाही, फोन आणि चॅट. पण हो, माणसाने.

इथे मामाजींना आपली जमीन पुन्हा सापडली. रेल्वेतही सिग्नल बिघडला म्हणून गाडी जन्मभर उभी राहत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. ऑटोमॅटिक सिग्नलच्या पट्ट्यात लाल दिसला तर लोको पायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो, आणि मग अगदी सावधपणे, दिसेल तेवढ्याच वेगाने पुढे जातो. बाकी ठिकाणी स्टेशनमास्तर लेखी अधिकारपत्र देतो. त्यावर वेळ, गाडीचा नंबर, सही. सिग्नलच्या यंत्राला हात लावायच्या आधी डिस्कनेक्शन मेमो, काम झाल्यावर पुन्हा जोडल्याचा मेमो. तपासणी काढायची तर तिच्या जागी कोण उभा राहील ते आधी लिहायचं. २०१६ च्या त्या बदलावर मामाजींचा राग याच कारणाने होता. दोष राहतो, हे त्यांना मान्य आहे. तपासणी काढताना तिची जबाबदारी कोणावर गेली ते नीट पाहिलं गेलं नाही, हे त्यांना मान्य नाही. या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामाजींच्या बाजूचा आहे.

मग लपवाछपवीचा विषय निघाला, आणि आवाज चढले.

१७ सप्टेंबर २०१८ ला ‘ऑमेनी’ (awemany) या टोपणनावाने काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने दोष शोधून बिटकॉइन कोअरच्या लोकांना कळवला. तो बिटकॉइन कॅशच्या बाजूचा. बिटकॉइनमधून भांडून ऑगस्ट २०१७ मध्ये फुटून निघालेला हा पंथ, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकमेकांना पाण्यात पाहत. तरी त्याने त्याचा फायदा उठवला नाही, गुपचूप कळवलं. त्याने कळवला होता नोड बंद पाडणारा भाग. तपासताना कोअरच्या लोकांना नाणी वाढवणारा भाग दिसला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची ०.१६.३ आवृत्ती आली आणि सांगितलं गेलं: सेवा ठप्प पाडणारा दोष आहे, ताबडतोब बदला. नाणी वाढण्याबद्दल अक्षरही नाही. २० तारखेला, दुसऱ्या कोणीतरी ते स्वतंत्रपणे ओळखल्यावर, पूर्ण सत्य जाहीर झालं.

मामाजी: रूळ तडकेल दिसला का गँगमन लाल झंडी घेऊन धावते. मंग कॉशन ऑर्डर निघते, हरेक ड्रायव्हरच्या हाती. लपवलं तं नोकरी जाते. तुह्या लोकायनं अर्धं सांगतलं.

भाची: तडकलेला रूळ सांगितल्याने जास्त तडकत नाही. हा दोष सांगितला त्याच क्षणी कोणीही वापरू शकलं असतं. आणि सांगितलेलं अर्धं खोटं नव्हतं. नोड खरंच बंद पडत होते, धोका खरंच मोठा होता, आणि करायचं काम दोन्हीसाठी एकच: नवी आवृत्ती लावा. त्या दोन दिवसांत मोठ्या मायनरांनी ती लावली. नंतर त्याच घडणीच्या पिजनकॉइन नावाच्या एका छोट्या नाण्यावर हाच दोष वापरून कोणीतरी कोट्यवधी नाणी छापलीच. उघड सांगितल्यावर काय होतं त्याचा तो पुरावा.

मामाजी: पुरावा कायचा? त्यायले कोणी वेळेवर कळवलं नाही त्याचा पुरावा. मोठ्यायले कानात सांगतलं, लहान्यायनं पेपरात वाचलं.

हा घाव बसला. भाचीकडे त्यावर चटकन उत्तर नव्हतं, आणि तिने तसं आणलंही नाही. उलट तिनेच मामाजींच्या हाती आणखी एक दाखला दिला. २०१८ मध्येच ब्रेडन फुलर या प्रोग्रामरला वेगळा एक दोष सापडला होता. नोड एकमेकांना ‘माझ्याकडे अमुक नवीन आलंय’ अशा छोट्या सूचना पाठवतात. त्या सूचनांचा पूर सोडला की समोरच्या नोडची मेमरी भरून तो पडतो. तो गुपचूप दुरुस्त झाला. २०२० मध्ये डिक्रेड या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच दोष जावेद खान यांना नव्याने सापडला, आणि मग सप्टेंबर २०२० मध्ये फुलर व खान यांनी मिळून तो जगापुढे मांडला. कोणी त्याचा गैरवापर केल्याचं आढळलं नाही. पण दोन वर्षं गप्प राहिल्याने वाचले कोण? ज्यांना आधीच माहीत होतं ते. ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्या घराला तीच फट तशीच राहिली. दोन दिवसांच्या गप्प बसण्याची बाजू मी घेऊ शकतो. दोन वर्षांच्या नाही.

इथवरचं बरंचसं बिटकॉइनचं होतं, आणि वऱ्हाडात बिटकॉइन म्हटलं की लोकांना आधी गेनबिटकॉइनची फसवणूक आठवते. ती माणसांनी केलेली लूट होती. या दोषांशी तिचा संबंध नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीशी. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेतला गेला. राज्य वखार महामंडळाने वखार पावतीवरच्या तारण कर्जासाठी ब्लॉकचेन आणली. माल गोदामात ठेवायचा आणि पावतीवर बँकेचं कर्ज घरबसल्या मिळवायचं. सोयाबीनचा भाव पडलेला असताना माल विकावा न लागणं ही चांदूरसारख्या तालुक्यात फार मोठी सोय आहे. पण प्रमाणपत्रांचं तेच पॉलिगॉन मार्च २०२२ मध्ये एका सुधारणेनंतर सुमारे ११ तास थांबलं होतं. तेव्हा कोणी हल्ला केलेला नव्हता, नोडमधलाच बिघाड.

मामाजी: थांबलं तं थांबलं. चुकीचं प्रमाणपत्र निघालं नाही ना?

भाची: नाही. जुन्या नोंदी ज्यांच्या नोडवर होत्या तिथे वाचताही येत होत्या. नवी नोंद होत नव्हती. पण प्रवेशाचा शेवटचा दिवस असेल आणि मुलीची नोंद त्या ११ तासांत अडकली असेल, तर तुमच्या लाल सिग्नलची किंमत कोण भरतं? रेशनच्या पॉस मशीनवर अंगठा घेतला नाही की दुकानदार म्हणतो उद्या या. मजुरी बुडते ती त्या बाईची. यंत्र बनवणाऱ्याचा पगार बुडत नाही.

मामाजी: म्हून तं म्हणतो, कागद पाह्यजे. यंत्र लाल झालं का साहेबानं सहीचा कागद द्यावा.

भाची: आणि कागदावर भरवसा नव्हता म्हणूनच तर ही साखळी आणली.

मामाजी: आमच्या कागदावर भरवसा काहून होता, ते तुले माहीत नाही. दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलते तवा प्रायव्हेट नंबर देते. दोघायजवळ छापेल नंबरायचा कागद असते, दोघायचा येगळा. एक नंबर देल्ला का तो खोडायचा, बाजूले गाडीचा नंबर लिहायचा. खोडेल नंबर पुन्हा देता येत नाही. दुसरा तो आपल्या रजिस्टरले लिहून घेते. नंतर कोणी म्हटलं मी लाइन देल्लीच नव्हती, तं दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा लागते.

भाची ऐकतच राहिली. खोडलेला नंबर पुन्हा द्यायचा नाही: २०१६ मध्ये काढली गेली ती तपासणी नेमकी हीच होती.

भाची: दोन वह्या, दोन वेगळ्या माणसांच्या हातात. मग कार्यालयातही तसंच हवं. यंत्र थांबलं की साहेबाने नंबर टाकून कागद द्यावा, आणि यंत्र चालू झालं की तो नंबर साखळीत चढवावा. पण दुसरी वही कोणाकडे?

मामाजी: तहसिलीत.

भाची: पहिलीही तहसिलीतच असेल. दुसरी अर्जदाराच्या हातात हवी.

मामाजी: अवं, तो हरवते. पावसात भिजवते. उद्या खोटा नंबर लिहून आणन.

भाची: खोटा नंबर साहेबाच्या वहीशी जुळणार नाही, मामाजी. तुम्हीच सांगितलंत.

यावर दोघांचं पटलं नाही, आणि मामाजी अजूनही तहसिलीवरच ठाम आहेत. मला भाचीचं पटतं. वखारीची पावती कागदी होती तेव्हा ती शेतकऱ्याच्याच खिशात असे. हरवण्याची भीती तेव्हाही होती, तरी गोदामाने ती आपल्याकडे ठेवून घ्यावी असं कोणी म्हटलं नाही.